आवलीच्या अंगणातला दिग्दर्शक

१ जून

आजच्या तारखेला, १९२९ साली, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच: विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी. चार वर्षांनी कंपनी पुण्यात आली आणि तिच्यामुळे एरंडवण्यातला रस्ता प्रभात रोड झाला. सकाळी त्याच रस्त्याने चालून आले. गल्ल्यांचे क्रमांक सगळ्यांना पाठ आहेत. या रस्त्यावरच्या कुणालाही प्रभात म्हटले की शांताराम आठवतात, आणि ते योग्यच आहे. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' ही लहान कामे नव्हेत.

पण प्रभातचा जो चित्रपट व्हेनिसपर्यंत गेला, जो महाराष्ट्राच्या खेडोपाडी देवदर्शनासारखा पाहिला गेला, तो 'संत तुकाराम' शांतारामांचा नव्हे. तो दामले आणि फत्तेलाल यांचा. या दिवाळी अंकासाठी दामल्यांवर लिहायचे ठरवले आहे. आषाढापर्यंत जे पाहीन, वाचीन, ऐकेन ते इथे टिपत जाईन.

४ जून

दामल्यांचा जन्म पेणचा, १८९२ सालचा. चित्रकलेच्या ओढीने ते कोल्हापूरला गेले आणि आनंदराव व बाबूराव या पेंटर बंधूंच्या हाताखाली शिकले. तेव्हा नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणे हे मोठ्या मानाचे काम होते. राजवाडा, रस्ता, अरण्य, कैलास: सपाट कापडावर खोली उभी करायची आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला ती खरी वाटली पाहिजे. पुढे पडद्यावर जग उभे करणाऱ्या या मंडळींची पहिली शाळा ती.

फत्तेलाल कागलचे, दामल्यांहून सहा वर्षांनी मोठे. घराण्यात मिस्त्रीकाम. पुढे सगळा प्रभात स्टुडिओ त्यांना साहेबमामा म्हणू लागला. दोघांची गाठ या पेंटरांच्या कारखान्यात पडली.

आनंदरावांना हलत्या चित्रांचे वेड होते. ते १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी तो ध्यास पुढे चालवला. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, म्हणून तो कोल्हापुरातच बनवायचा ठरला, आणि त्या खटपटीत बाबूरावांच्या बरोबरीने उभे राहिले ते दामले. कॅमेरा म्हणजे नुसते भिंग आणि पेटी नव्हे. फिल्म भिंगामागे क्षणभर थांबली पाहिजे, झडप उघडली पाहिजे, मिटली पाहिजे आणि मग फिल्म नेमकी एका चौकटीइतकी पुढे सरकली पाहिजे. दर सेकंदाला हे अनेकदा, आणि प्रत्येक वेळी तितक्याच अंतराने. दात्यांत केसाएवढा फरक पडला तर पडद्यावरचे चित्र थरथरते. ज्या माणसाने हे यंत्र हाताने जुळवले, त्याला सिनेमा आतून कळला होता. आधी यंत्र, मग चित्र, मग माणूस, अशा क्रमाने दामले दिग्दर्शनापर्यंत पोहोचले. त्यांच्या चित्रपटांत तंत्राचा देखावा का नाही, याचे उत्तर मला इथे सापडते. तंत्राची नवलाई त्यांच्यापुरती कधीच संपलेली होती.

९ जून

मंडईत गेले होते. भाजी घेतल्यावर आर्यनच्या वाहनतळापाशी थांबले. इथे गंगाधरपंत पाठकांचे आर्यन चित्रपटगृह होते, पुण्यातले पहिले पक्के चित्रपटगृह, १९१५ सालचे. १९८३ मध्ये ते बंद झाले, पाडले गेले, आणि आता त्याचे नाव तेवढे गाड्यांच्या तळाला उरले आहे.

बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० मध्ये इथे लागला. कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, ती याच चित्रपटानंतर. कोल्हापूरच्या त्या तुकडीत दामले, फत्तेलाल होते. पुढे शांतारामही तिथेच आले. पाच वर्षांनी 'सावकारी पाश' आला. त्यात देवादिकांचा, राजेरजवाड्यांचा मखमली थाट नव्हता, कर्जात बुडालेला शेतकरी होता आणि त्याची झोपडी होती. 'संत तुकाराम'मधल्या देहूचे मूळ मला तिथे दिसते. पौराणिक दिपवणे आणि झोपडीतले खरेपण या दोन्ही गोष्टी दामले-फत्तेलालांनी एकाच गुरूकडून घेतल्या. १९२८ मध्ये दोघांनी मिळून 'महारथी कर्ण' दिग्दर्शित केला, तो बाबूरावांच्याच कंपनीत. पुढच्या वर्षी बाहेर पडून प्रभात.

वाहनतळापाशी पुण्याच्या सिनेमाची ही जन्मकथा सांगणारा एक ठळक फलक असायला हवा. येणारी-जाणारी मुले तो वाचतील.

१३ जून

परवानगी काढून फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेले. भाचा बरोबर होता. तो ध्वनिसंयोजनाचे काम करतो, त्यामुळे त्याला बरोबर घेण्यात माझा स्वार्थ होता.

१९३३ मध्ये कोल्हापूर सोडून प्रभात इथे आली, तेव्हा हा भाग गावाबाहेर होता. कलाकार, सुतार, शिंपी, रंगारी, वादक, सगळे पगारी, सगळे एका आवारात. स्टुडिओ, प्रयोगशाळा, संकलनाच्या खोल्या, चित्रीकरणासाठी तळे. १९३४ चा 'अमृतमंथन' हा इथला पहिला चित्रपट. प्रभात बंद पडल्यावर १९६० मध्ये याच जागेत सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. त्यामुळे देशभरचे दिग्दर्शक, छायालेखक ज्या जमिनीवर शिकून गेले ती दामले-फत्तेलालांची कर्मभूमी आहे. प्रभातचा मोठा स्टुडिओ अजून उभा आहे. आत गेल्यावर मान आपोआप वर जाते, इतके छत उंच.

बोलपट आल्यावर दामल्यांनी ध्वनिमुद्रणाचे खाते स्वतःकडे घेतले. मी भाच्याला विचारले, "तेव्हाचे ध्वनिमुद्रण म्हणजे नेमके किती अवघड?"

"मावशी, आज मी एका वाक्याचे तुकडे करून हवे तसे जोडतो," तो म्हणाला. "तेव्हा आवाज प्रकाशाच्या रेषा होऊन फिल्मवर उमटायचा. तो चांगला आला की वाईट, हे फिल्म धुतल्यावर कळणार. गायक, पेटी, तबला, टाळ, सगळ्यांना एका माइकपासून कुठे उभे करायचे हे आधीच ठरवायला लागायचे. अंतर हेच मिक्सिंग."

हे वाक्य मी तिथेच वहीत उतरवले. कोण किती जवळ, कोण किती लांब, याचा हिशेब मांडणारा माणूस दिग्दर्शक झाला तर तो माणसामाणसांतली अंतरेही तितक्याच काटेकोरपणे मांडील.

१७ जून

रात्री 'संत तुकाराम' पुन्हा पाहिला, वही हातात धरून.

सुरुवातीलाच तुकोबा अभंग गात आहेत, विष्णुपंत पागनीसांच्या त्या मऊ, आत वळलेल्या आवाजात. मग देवळात त्यांचा मत्सर करणारा सालोमालो तोच अभंग आपला म्हणून गातो: ताना घेत, मुरक्या मारत, लोकांकडे पाहत. शब्द तेच. एकाही पात्राने काही समजावून सांगितलेले नाही, तरी भक्ती आणि तिचे प्रदर्शन यांतला फरक दोन मिनिटांत कानांना कळतो. चित्रपटाचा सगळा झगडा दामल्यांनी दोन गळ्यांतून उभा केला. ध्वनिमुद्रकाशिवाय दुसऱ्या कुणाला हे इतके सहज सुचले नसते.

आणि मग तुकोबांची बायको जिजाई, म्हणजे आपली आवली. गौरी ही प्रभातमध्ये किरकोळ कामे करणारी बाई. या भूमिकेने तिने चित्रपट तोलून धरला. आवली म्हशीला धुते, तिच्याशी लाडाने गाते. घरात दाणा नाही आणि नवरा मिळालेले वाटून टाकतो, तेव्हा ती कडाडते. आजारी मुलासाठी काही होत नाही म्हटल्यावर ती हातात वहाण घेऊन थेट विठोबासमोर जाते. दामले-फत्तेलालांच्या जागी दुसरा दिग्दर्शक असता तर त्याने तिला खलनायिका केली असती किंवा विनोदासाठी वापरली असती. कीर्तनांतून आवलीला तसेच पाहायची आपल्याला सवय होती. इथे तसे होत नाही. तिचा प्रत्येक प्रश्न रास्त आहे. मुले उपाशी ठेवून पुण्य कसले? या प्रश्नाला चित्रपट उत्तर देत नाही, तो नुसता तिच्या बाजूने तिच्या अंगणात बसून राहतो. तुकोबांचे संतपण त्यामुळे कमी होत नाही, उलट ते कुणाच्या कष्टांवर उभे आहे हे दिसल्यामुळे जड होते.

शिवराम वाशीकरांची पटकथा, केशवराव भोळ्यांचे संगीत, अवधूतांचे छायालेखन, फत्तेलालांचे कलादिग्दर्शन. आणि शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेला बीजाचा आणि अंकुराचा अभंग, जो लोकांना तुकोबांचाच वाटत आला आहे. इतकी माणसे एका सुरात आणणे हेच तर दिग्दर्शन.

२० जून

आज ज्ञानोबा-तुकोबांच्या दोन्ही पालख्या पुण्यात आल्या. तुकोबांची पालखी फर्ग्युसन रस्त्याने येताना पाहिली. पावसाने जोर धरला होता, प्लॅस्टिकचे इरले अंगावर ओढून दिंड्या चालल्याच होत्या. संध्याकाळी नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी गेले. तुकोबांचा मुक्काम तिथे असतो.

पायाला तेल चोळत बसलेल्या एका आजींच्या शेजारी टेकले. मराठवाड्यातून आल्या होत्या. सून घर सांभाळते म्हणून वारी घडते, हे त्यांनी न विचारता सांगितले. "माळकरी मी हाय, पर वारी तिची बी हाय बघा," म्हणाल्या. आवलीवर मी जे पानभर लिहिले ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. त्यांच्या पिशवीत तुकोबांची छोटी तसबीर होती. चेहरा पागनीसांचा वाटला. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या या गायक नटाला १९३६ मध्ये दामले-फत्तेलालांनी तुकाराम केले आणि लोकांच्या मनातल्या तुकोबांना तो चेहरा कायमचा मिळाला. आज माझ्या डोळ्यांसमोर तो चेहरा पंढरपूरला निघाला होता. कुठल्याही महोत्सवातल्या पारितोषिकापेक्षा हा मान मला मोठा वाटतो.

२४ जून

शेजारच्या काकूंकडे गेले. नव्वदीला टेकल्या आहेत, पण लहानपणच्या गोष्टी त्यांना लख्ख आठवतात. अप्पा बळवंत चौकातल्या प्रभात टॉकीजमध्ये त्यांनी 'संत तुकाराम' पाहिला, तो पुन्हा लागला होता तेव्हा, आजीच्या मांडीवर बसून.

"अगं, आमची आजी चपला बाहेर काढूनच आत गेली," काकू म्हणाल्या. "तुकोबा गायला लागले की हात जोडायची. पण रडली कधी सांगू? ती जिजाई देवळात जाऊन भांडते ना, तेव्हा. घरी येताना आजोबांशी एक शब्द बोलली नाही."

"आजोबांना कळलं का काही?"

"न कळायला काय झालं! दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आड उपसून पाणी भरलं. एवढं आठवतंय मला."

ते चित्रपटगृह १९३४ चे, किबे यांच्या मालकीचे. ऐंशी वर्षे प्रभात या नावाने चालले. २०१४ च्या अखेरीस करार संपला आणि पुढे किबे लक्ष्मी हे मूळ नाव परत आले. मुंबईत गिरगावच्या सेंट्रल सिनेमात 'संत तुकाराम' वर्षभराहून अधिक चालला, हा इतिहासात नोंदलेला विक्रम. आजोबांनी भरलेल्या पाण्याची नोंद कुठल्याही पुस्तकात नाही. मी ती इथे करून ठेवते, कारण चित्रपट घरात शिरून काय करतो याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

२८ जून

आज चमत्कारांचा विचार केला. प्रभातमध्ये त्यांना 'ट्रिकसीन' म्हणत, आणि त्यात दामल्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

'संत तुकाराम'मध्ये इंद्रायणीतून वह्या वर येतात, एका शिवाजीराजांचे अनेक शिवाजी होतात, शेवटी गरुडविमान आकाशात जाते. १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये रेडा वेद म्हणतो, भिंत चालते. संगणक नाही. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचे, चौकटीचा काही भाग झाकून उरलेला आधी टिपायचा, मग फिल्म गुंडाळून नेमक्या त्याच जागी आणून झाकलेला भाग टिपायचा. छोट्या प्रतिकृती, काच, तारा, धूर. एका चौकटीची चूक म्हणजे सगळे काम पुन्हा. कोल्हापुरात कॅमेऱ्याचे दाते जुळवणारा हात इथे कामी आला.

या काळात जगभर असे प्रयोग चालू होते. हॉलिवुडच्या 'किंग काँग'ने १९३३ मध्ये प्रेक्षकांना थक्क केले होते. तिथे अद्भुत हेच आकर्षण होते. दामल्यांच्या इथे अद्भुत हे लोकांच्या श्रद्धेतले रोजचेच आहे, म्हणून ते साध्या, स्थिर चौकटीत, गाजावाजा न करता घडते. आणि विमान वर जाते तेव्हा आपले डोळे वळतात ते खाली राहिलेल्या आवलीकडे. तुकोबा बोलावतात, ती जात नाही. मुले आहेत, घर आहे. सगळी करामत आकाशात मांडून ठेवायची आणि भार जमिनीवर उरलेल्या बाईवर द्यायचा, हा निर्णय कॅमेऱ्याच्या कौशल्यातून येत नाही. तो माणूस ओळखण्यातून येतो. यंत्रावर पूर्ण हुकमत असलेल्या कलावंताने यंत्राला दुय्यम ठरवले, म्हणून हा चित्रपट अजून जिवंत आहे.

२ जुलै

फत्तेलालांशिवाय दामल्यांवर लिहिता येत नाही, हे दिवसेंदिवस पटते आहे. 'संत तुकाराम', 'गोपाल कृष्ण' (१९३८), 'संत ज्ञानेश्वर': प्रत्येक ठिकाणी दोघांची नावे जोडून. 'संत सखू'ला (१९४१) तिसरे नाव राजा नेने यांचे. पेणचा ब्राह्मण आणि कागलचा मुसलमान, पंचवीस-तीस वर्षे एकत्र. एकाकडे यंत्र आणि आवाज, दुसऱ्याकडे रेषा, रंग आणि वास्तू. फत्तेलालांनी स्टुडिओत उभारलेल्या देहूच्या भिंती सारवलेल्या वाटतात, तिथली मातीची भांडी वापरातली वाटतात. वारकऱ्यांचे ते गाव एका मुसलमान कलावंताच्या नजरेतून उतरले आणि वारकऱ्यांनी ते आपले मानले. ज्ञानेश्वरांची भूमिका ख्रिस्ती कुटुंबातल्या शाहू मोडकांनी केली आणि लोकांनी त्यांच्याही पायांवर डोके ठेवले. प्रभातमध्ये याची कुणी जाहिरात केली नाही. काम करायला जो योग्य, त्याला ते काम.

१९४२ मध्ये शांताराम बाहेर पडले. १९४५ मध्ये दामले गेले. त्यानंतरही काही वर्षे प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी वाजत राहिली, तरुण देव आनंद आणि गुरुदत्त यांची उमेदवारी इथे झाली, पण पन्नाशीच्या दशकात प्रभात मिटली. फत्तेलाल १९६४ पर्यंत होते. दामल्यांविना त्यांचा दिग्दर्शक म्हणून तसा काळ पुन्हा आला नाही.

विधी महाविद्यालय रस्त्यावरचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्येच स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी हयात घालून जुने चित्रपट गोळा केले. तरी २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि अमोल साठा जळाला. नायट्रेट पेटले की पाण्याने विझत नाही, कारण जळायला लागणारा प्राणवायू ते स्वतःच पुरवते. 'संत तुकाराम' आपल्याला पाहायला मिळतो आहे ते वेळेवर काढलेल्या प्रतींमुळे. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांचे तेवढे भाग्य नव्हते. दामल्यांच्या उमेदवारीतले जवळजवळ सगळे काम आपण गमावले आहे.

५ जुलै

आज दामल्यांचा स्मृतिदिन. १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते पुण्यात गेले.

लेखाचा आराखडा पुरा झाला. शीर्षकात दोघांची नावे ठेवणार आहे, मधल्या रेघेसकट. अग्रणी कामाचा मान एकट्या माणसाला देण्याची आपली रीत सिनेमाच्या बाबतीत खोटी ठरते. दामले-फत्तेलालांनी ती स्वतःच्या सहीनेच नाकारली. अग्रणी म्हणजे सर्वांत पुढे धावणारा एवढाच अर्थ असेल तर तो त्यांना लागू पडत नाही. त्यांनी कॅमेरा घडवला, आवाज टिपला, गाव उभे केले, आणि एवढे सगळे हाताशी असताना चित्रपट एका गांजलेल्या बाईच्या स्वाधीन केला.

लेखाच्या शेवटी एक मागणी करणार आहे. दर आषाढी वारीत, पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा, संग्रहालयाने आणि इन्स्टिट्यूटने मिळून 'संत तुकाराम' मोठ्या पडद्यावर, वारकऱ्यांसाठी, विनामूल्य दाखवावा. तो इथेच तयार झाला, त्याचे प्रेक्षक त्या दिवशी आपल्या दारात असतात. पडदा नाना पेठेत लावा, भवानी पेठेत लावा, आणि आवाजाची व्यवस्था चोख ठेवा. पागनीस आणि सालोमालो यांच्या गळ्यांतला फरक शेवटच्या रांगेतल्या आजींनाही ऐकू गेला पाहिजे. दामले असते तर त्यांनी आधी तेच तपासले असते.